निरोगी पायाची पट्टी

सुज्ञ वाचकहो, एका दिवंगत घोडे-शिक्षकाची कीर्ती आणि त्यांच्या पश्चात राहिलेल्या एका लंगड्या घोडीचे प्राण, ही दोन्ही एकाच सभेत पणाला कशी लागली, याचा यथातथ्य वृत्तान्त मी पुढे निवेदन करीत आहे. यात कोणाचाही अवमान करण्याचा हेतू नाही. घोडीचा तर नाहीच नाही.

रेसकोर्सवर ज्यांना लहानथोर सगळे ‘वस्ताद’ म्हणत, त्यांना देवाज्ञा होऊन वर्ष लोटले होते. त्यांच्या पत्नीला सारे काकू म्हणत. पागेच्या शेवटच्या खणात वस्तादांची लाडकी घोडी उभी असे. वस्ताद तिला ‘बाईसाहेब’ म्हणत आणि अहोजाहो करीत. काकूंना मात्र जन्मभर ‘अगं ए’ यापलीकडचे संबोधन लाभले नाही. काकूंनीही तिला कित्येक वर्षे सवतीसारखे दूरच ठेवले. परंतु वस्ताद गेले, त्यांचे कपडे वाटून झाले, खुर्ची पुतण्याने नेली, आणि मग काकूंच्या ध्यानी आले की आता ज्यांना त्यांचा हात आठवत असेल असे जगात आपण आणि ही घोडी, असे दोनच जीव उरले आहेत.

ही बाईसाहेब शेवटच्या शर्यतीत पहिली आली आणि तेव्हापासून पुढच्या एका पायाने लंगडत होती. वर्षभर डॉक्टरांचे औषध चालू असूनही लंगडणे वाढतच गेले. अशात रेसकोर्सच्या मंडळाने घोड्यांसाठी नवा दवाखाना बांधला. त्याला वस्तादांचे नाव मिळाले, तर त्यांची घोडी मानाची म्हणून पागेत राहील. नाव नाकारले गेले, तर खण रिकामा करून डॉक्टर तिला कायमची झोपवतील, असे ठरले. सभेला निघताना काकूंच्या मनाला तेवढाच एक घोर होता.

सभागृहाला रंग चालू असल्यामुळे सभा जॉकींच्या वजनाच्या खोलीत भरली. त्या खोलीचा नियम कडक. काम करण्यापूर्वी काट्यावर चढायचे, काम आटोपल्यावर पुन्हा चढायचे. वजनात फरक पडला तर केलेले काम रद्द. नियम भाषणाला लागू आहे की नाही, यावर बराच खल झाला. अखेर, नियमात भाषणाला सूट दिलेली नाही, सबब तो लागू आहे, असा निवाडा अध्यक्षांनी दिला.

प्रथम चिटणीस उभे राहिले. वस्तादांची थोरवी त्यांनी अशा ओघवत्या वाणीने वर्णिली की, काकूंचा पदर डोळ्यांकडे गेला. दुर्दैवाने घसा कोरडा पडल्याने त्यांनी मध्येच दोन पेले चहा घेतला. पुन्हा काट्यावर चढले तेव्हा काटेवाला गंभीरपणे म्हणाला, “वाढलंय.”

“अहो, चहाचं वजन आहे ते!” चिटणीस कळवळले.

“जॉकीने चहा ढोसला तर आपण सोडतो का?” अध्यक्ष म्हणाले. “भाषण रद्द. ऐकलेलं सगळ्यांनी विसरून जावं.”

अशा रीतीने वस्तादांची सारी स्तुती बाद झाली. डॉक्टर मात्र धोरणी. त्यांनी पाण्याच्या थेंबालाही स्पर्श केला नाही.

“गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये,” ते म्हणाले, “म्हणून मी फक्त खरं बोलतो. वस्ताद जखमी घोडे पळवायचे. पट्टी बांधून पळवायचे! ही बाईसाहेबच घ्या. हिचा पट्टीचा उजवा पाय मी वर्षभर तपासतोय. लेप झाले, शेक झाले, फोटो काढून झाले. पायात काही म्हणजे काही दोष नाही!”

“मग चांगलंच आहे की,” एक दाढीवाले ट्रेनर म्हणाले.

“चांगलं कसलं? ज्या दुखण्यात काहीच सापडत नाही, ते असाध्य. अशा प्राण्याचे हाल करण्यापेक्षा त्याला सोडवावं. आणि ज्याने ही वेळ आणली त्याचं नाव दवाखान्यावर? उद्या लांडग्याचं नाव शेळ्यांच्या गोठ्याला द्या!”

सभेत गलका उठला. शेवटी, जिच्याबद्दल बोलतो आहोत तिला तरी एकदा पाहू, म्हणून अध्यक्षांनी घोडीला आत आणविले. नियमाप्रमाणे तिलाही काट्यावर चढविण्यात आले. काटा एक पूर्ण फेरी मारून पुढे सरकला व चिटणीसांच्या वजनाच्या अलीकडेच थांबला. चिटणीसांनी मान खाली घातली.

काकूंनी मात्र काट्याकडे पाहिलेच नाही. त्या घोडीच्या उभे राहण्याकडे पाहत राहिल्या. सारा भार पट्टीच्या उजव्या पायावर, आणि मोकळा डावा पाय जमिनीला नुसता टेकवलेला. हे उभे राहणे त्यांच्या घरातले होते! वस्तादांचा डावा गुडघा धरला की ते उजव्या गुडघ्याला पट्टा बांधीत आणि अस्सेच उभे राहत. ‘आपलं दुखणं कुठे आहे, ते शत्रूला कळता कामा नये,’ असे म्हणत. घरात शत्रू म्हणून काकूच तेवढ्या होत्या.

आता काकूंपुढे मोठा पेच पडला. बोलावे, तर वस्तादांनी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली, हे बायकोच्याच तोंडून जगजाहीर होणार. गप्प बसावे, तर ही मुकी उद्या मरणार. काकू क्षणभर पदराचे टोक पिळत बसल्या आणि मग उठल्या.

“काकू, आधी काट्यावर,” काटेवाला म्हणाला.

“माझं वजन आमच्या ह्यांनाही कधी कळलं नाही, ते तुला सांगू होय रे? हो बाजूला!” एवढे बोलून त्या डॉक्टरांकडे वळल्या. “डॉक्टरसाहेब, तुम्ही चांगला पाय बरा करत बसलाय. दुखतोय तो डावा.”

“पण पट्टी उजव्याला आहे!”

“म्हणूनच. सकाळच्या फेरीला दुसऱ्यांची माणसं दुर्बिणी लावून बसायची, कुणाचा घोडा कुठे दुखावलाय ते बघायला. म्हणून आमचे हे पट्टी निरोगी पायाला बांधायचे. दुखऱ्या पायाला पहाटे गुपचूप लेप लावायचे. लेप लावणारा गेला, पट्टी तेवढी राहिली.” काकूंनी एकवार घोडीकडे पाहिले. “तुम्ही म्हणता तेही खरंच आहे. हिला दुखत असताना त्यांनी पळवलं. आणि मला ताप आला तर ‘पाणी पी’ म्हणणारा माणूस हिला शिंक आली तर जेवायचा नाही, हेही खरं. यातला कुठला खरा, ते मलाही संसार करून कळलं नाही. नाव द्या, नका देऊ. पण हिचा डावा पाय बघा.”

डॉक्टरांनी डावा पाय दाबताच घोडीने त्यांची टोपी दातांत धरून भिरकावली. निदान पक्के झाले.

“अहो, वर्षभर दुसऱ्या पायाला हात का नाही लावला?” अध्यक्षांनी विचारले.

“न बांधलेल्या पायाला हात लावला की ट्रेनर अंगावर येतात! ‘आमचा चांगला पाय बिघडवता का’ म्हणून!”

इतक्यात दाढीवाले ट्रेनर गर्दीतून पुढे आले.

“काकू... म्हणजे निरोगी पायाला पट्टी बांधल्याने दुखरा पाय बरा होत नाही?”

“तो कसा होईल, भाऊ?”

“वस्ताद बांधायचे, वस्तादांचे घोडे जिंकायचे. आम्हाला वाटलं, हीच त्यांची विद्या! आम्ही सगळेच तसं बांधतो!”

मग एकेक ट्रेनर हळूच उठून पागेकडे पळू लागला. डॉक्टर टोपी न घेताच त्यांच्यामागे धावले. त्या दिवशी पागेत असे काही पाय तपासले गेले की ज्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारलेही नव्हते.

सभा पुन्हा भरली तेव्हा भांडायचे बळ कोणात उरले नव्हते. डॉक्टर नाव देऊ देईनात, चिटणीस दिल्यावाचून राहीनात. अखेर दाढीवाले म्हणाले, “वस्तादांचीच रीत पाळू. पाटी भलतीकडे लावू.” त्यावर एकमत झाले. वस्तादांच्या नावाची सुबक पाटी समोरच्या गवताच्या कोठारावर लागली, आणि दवाखाना बिननावाचा राहिला. नाव तर दिले गेले, म्हणून घोडीचा खणही राहिला.

पुढे डाव्या पायावर उपचार होऊन बाईसाहेबांचे लंगडणे पुष्कळ कमी झाले. पण डॉक्टरांनी उजव्या पायाची जुनी पट्टी सोडली त्या दिवशी घोडी जागची हलेना. चुचकारून पाहिले, ओढून पाहिले, व्यर्थ. काकूंनी ती मळकी पट्टी उचलली, घोडीपुढे बसल्या. घोडीने आपणहून उजवा पाय पुढे केला. काकूंनी वस्ताद बांधीत तशीच, दोन वेढे ढिले व तिसरा घट्ट, पट्टी बांधली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

“चल, अगं ए,” त्या म्हणाल्या.

आणि घोडी चालू लागली.

येथवर धीर धरून वाचणाऱ्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला नम्र,
काटेवाला नाना