लीड्समधलं हळदीकुंकू

लीड्स शहरात सगळ्याच बायकांची कपाळं मोकळी असतात. तिथं गेल्यावर मला सगळ्यात आधी आवडलं ते हेच. आमच्या नागपुरात, महाल भागात, बाई रस्त्यानं निघाली की लोक अगोदर तिचं कपाळ बघतात आणि मग तोंड. मी चौदाव्या वर्षापासून मोकळ्या कपाळाची. वडिलांनी माझे केस काढू दिले नाहीत, शिकवलं, मास्तरीण केलं, आणि एकोणीसशे सदतीस साली सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा शिक्षणशास्त्राची पदविका घ्यायला विलायतेलाही पाठवलं. नागपूर स्टेशनवर निरोप देताना मोठी काकू म्हणाली, "जाय बाई वच्छला. तिथं तरी कोणाले आडवी जाणार नाहीस." तिनं ते मायेनंच म्हटलं होतं. आमच्या घरात मायेची तऱ्हाच तशी.

मिसेस हार्टली नावाच्या बाईंकडे माझी राहायची सोय झाली होती. विटांचं काळवंडलेलं घर, खाली स्वयंपाकघर, वर माझी खोली. बाई पन्नाशीच्या, अंगानं दांडग्या, मनानं चांगल्या. मी मांसमच्छी खात नाही म्हणजे मला काहीतरी दुखणं आहे अशी त्यांची समजूत होती, आणि त्या दुखण्याला पथ्य म्हणून त्या मला रोज उकडलेले बटाटे द्यायच्या. कोबीही उकडलेला. मीठ आपण वरून घ्यायचं.

दिवस कसाही जायचा. सकाळी व्याख्यानं, दुपारी सरावासाठी गिरण्यांच्या भागातली मुलींची शाळा. मुली मला मिस म्हणायच्या. तिथं मास्तरीण म्हटली की ती मिसच, मग ती साठीची का असेना. हिंदुस्थानात तुम्ही हत्तीवर बसून शाळेत जात होता का, हे मला प्रत्येक वर्गानं विचारलं. मी पहिल्यांदा नाही म्हणाले तर पोरींची तोंडं उतरली, म्हणून पुढच्या वर्गात हो म्हणाले. भूगोलाच्या तासाला एवढं खोटं चालतं.

पण चार वाजता अंधार पडायचा आणि मग संध्याकाळ संपता संपायची नाही. रविवारी तर अख्ख्या शहराला टाळं. मला फार एकटं वाटायचं. इतकी साधी गोष्ट आहे ही, पण घरी लिहिलेल्या एकाही पत्रात ती लिहिता आली नाही. स्टोव्हवर दूध ठेवलं की मी त्याला सांगायची, "थांब वं माय, उतू नको." दिवसभरात मराठी तेवढंच. दूध काही ऐकायचं नाही, पण निदान माझी भाषा बोलल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबरात मिसेस हार्टलींचा गुडघा धरला आणि त्या इस्पितळात गेल्या. तिथं त्यांना आपले एक डॉक्टर भेटले. बाईंनी त्यांना सांगितलं की तुमच्या देशातली एक मिस माझ्याकडे राहते. डॉक्टर निघाले नागपूरचे, धंतोलीत राहणारे, मार्तंडराव. पुढच्याच रविवारी मला त्यांच्याकडे जेवायचं बोलावणं आलं.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. यमुताई माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या असतील, पोटुशी होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "काहून वं, इतकी वाळली? खायाले देत नाही काय ते बाई तुले?"

शाळेत शुद्ध इंग्रजी बोलून बोलून माझी जीभ वळण विसरली होती, ती त्या दिवशी सुटली. यमुताईंनी गोळाभात केला होता. बेसन लंडनहून मागवलेलं, हिंगाची डबी माहेराहून आलेली. वर फोडणीचं तेल ओतलं तेव्हा त्या वासानं मला एकदम आमचं स्वयंपाकघर आठवलं, पाटावर बसलेली मोठी काकू डोळ्यांपुढे आली आणि चक्क तिचीसुद्धा आठवण आली. यावरून माझी अवस्था काय झाली होती ते समजावं.

त्यानंतर दर रविवार त्यांच्याकडे. मी पोळ्या लाटायची, त्या बोलायच्या. पहिलं मूल त्यांचं पोटातच गेलं होतं. आता आईनं रामटेकच्या रामाला नवस बोलला होता. "सारं नीट होऊन राहिलं," त्या म्हणायच्या आणि लगेच लाकडाला नाही तर माझ्या हाताला हात लावायच्या. त्यांचं कुंकू अगदी बारीक, केसांच्या कडेला, हॅटखाली दडेल असं असायचं. कपाळावर मधोमध लावलं तर बाजारात लोक रक्त आलं का म्हणून विचारतात, असं त्यांनी सांगितलं. "तू तर लावणंच सोडून देल्लं दिसते. शाळेतल्या पोट्ट्या हासत असतीन."

मी पोळी उलटली. त्यांना मी खरोखरीच मिस वाटत होते, लग्न व्हायची. नागपुरात ही चूक कोणी केलीच नसती, तिथं मी फाटकातून आत येतानाच सगळ्यांना सगळं कळलं असतं. इथं सगळीच कपाळं मोकळी, मग माझं कशानं ओळखायचं? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हे दोन-तीन रविवार माझ्या लक्षातही राहिलं नाही, आणि हे किती सुखाचं होतं ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

जानेवारीत संक्रांत आली. यमुताई म्हणाल्या, "रथसप्तमीपर्यंत चालते, आपण रविवारी हळदीकुंकू करू. इथंच्या बाया बोलावू. तुझ्या घरमालकिणीलेही घेऊन ये. तीळ भेटून नाही राहिले, तर खोबऱ्याच्या वड्या करू." मग माझा हात धरून म्हणाल्या, "अन् पहिलं कुंकू तुलेच लावीन बाप्पा. माहेरचं दुसरं कोण आहे मले इथं?"

तो आठवडा मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. गप्प बसले तर कोण सांगायला येणार होतं? पण नागपूर ते केवढं. यमुताईंच्या आईला आज ना उद्या माझं नाव कळणार, मग पोटातल्या पोराला नुसती सर्दी झाली तरी ती माझ्या नावावर. हे झालं शहाणपणाचं कारण. खरं कारण वेगळं होतं. मला ते कुंकू हवं होतं. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की मला त्याचं काही नाही, आणि यमुताईंनी नुसतं म्हटलं तर माझं कपाळ जागं झालं. फक्त ते मला चुकून मिळालेलं नको होतं. मी कोण ते कळून यमुताईंनी लावायला हवं होतं. मी सांगेन, आणि त्या म्हणतील, मग काय झालं वं. विलायतेत राहतात, नवरा डॉक्टर, का नाही म्हणणार? शुक्रवारपर्यंत माझी तशी खात्रीच झाली होती.

रविवारी मी मदतीला लवकर गेले. मिसेस हार्टली मागून येणार होत्या. यमुताई ठेवणीतलं लुगडं नेसून खोबऱ्याचं सारण घोटत होत्या. ओट्यावर चांदीची कुयरी उघडून ठेवलेली, एका वाटीत हळद, एकीत कुंकू.

"यमुताई," मी म्हणाले, "तुम्हाले एक सांगाचं आहे."

"सांग न."

"माझं लग्न झालं होतं. बाराव्या वर्षी. चौदाव्या वर्षी ते गेले."

त्यांचा हात थांबला. सारण खाली लागेल म्हणून मीच पातेलं उतरवलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, नंतर त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली. महालातली नजर. मी सात समुद्र ओलांडून आले होते आणि ती माझ्याआधी येऊन बसली होती.

"मले काहून नाही सांगितलं वं?" त्या हळूच म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही विचारलंच नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी मानत नाही हे सारं. तुझी शप्पथ नाही मानत. पण एक गेलं माझं. आता जरा पोट दुखलं तरी माझा जीव उडते. उद्या काही झालं तर मी तुलेच बोल लावीन वं, मी मले ओळखतो. तू रागावू नको."

"नाही रागावत," मी म्हणाले. खरंच राग आला नाही, तीच तर पंचाईत होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही पोटावर हात ठेवले असते. मला त्यांचं सगळं कळलं, आणि इतकं कळलं याचाच मला संताप आला.

"तू इथं आत बस," त्या म्हणाल्या. "चहाचं तू पाहा. बायकांले मी समोर पाहतो."

बायका आल्या. मी आत पाणी उकळत ठेवलं आणि वड्या कापल्या. नागपुरातही संक्रांतीला माझी जागा हीच असायची, हात आपोआप कामाला लागले. दार थोडं उघडं होतं. डॉक्टरांच्या शेजारणी रांगेनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात, सगळ्यात मोठ्या खुर्चीवर, निळी हॅट घातलेल्या मिसेस हार्टली. यमुताई कुयरी घेऊन त्यांच्यापुढे वाकल्या आणि त्यांनी हॅट मागे सारून कपाळ पुढे केलं. यमुताईंनी हळद लावली, कुंकू लावलं. मिसेस हार्टलींचा नवरा मोठ्या लढाईत फ्रान्समध्ये मारला गेला, हे यमुताईंना मीच सांगितलं होतं.

त्या चहाचा ट्रे न्यायला आत आल्या तेव्हा मी कपांत चहा ओतत होते. त्याच खाली बघून म्हणाल्या, "त्यायच्यात चालते वं."

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत वड्यांचा डबा घातला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये. गोळाभात करतो." मी येते म्हणाले. मी येणार नाही हे दोघींनाही कळलं होतं.

ट्राममध्ये लोक मिसेस हार्टलींकडे वळून बघत होते. त्यांना मोठी गंमत वाटत होती. कोणी फार वेळ बघितलं तर त्या राणीसारखी मान हलवायच्या. घरी आल्यावर त्यांनी हॅट काढली, बटाटे सोलायला घेतले, आणि कपाळ खाजलं म्हणून हातरुमाल उचलला.

"पुसू नका," मी म्हणाले. माझा मलाच आवाज मोठा वाटला. "आमच्यात ते पुसत नाहीत. नवरा गेला तरच पुसतात."

"पण माझा गेलाच आहे की, पोरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते पुसून टाकलं. नाक पुसावं तसं. रुमालाला लाल डाग पडला तो बघून त्यांनी तो धुवायच्या कपड्यांत टाकला. "तुला का नाही लावलं त्यांनी? तू दिसलीच नाहीस."

माझ्या कपाळाचं मोठ्या मावशीनं ओल्या फडक्यानं पुसलं होतं. तेव्हा मी रडले नव्हते, सगळ्यांनी रड म्हटल्यावर रडल्याचं नाटक केलं होतं. "माझाही नवरा गेलाय," मी म्हणाले. इंग्रजीत हे वाक्य मी कधी जुळवून पाहिलं नव्हतं. फार सोपं निघालं.

मिसेस हार्टलींनी सुरी खाली ठेवली. ओले हात तसेच धरून त्या माझ्यासमोर बसल्या.

"कसा होता गं तो?"

बारा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तो कशानं गेला हे विचारलं, मूलबाळ नाही ना विचारलं, सासरच्यांनी दागिने दिले का विचारलं. तो कसा होता ते कोणीच नाही. मी आठवायला लागले तर तोंडच आठवेना. लग्नानंतर मी माहेरीच होते, न्हाण आल्यावर पाठवणार होते, त्याआधी तापानं तो गेला. एवढंच आठवलं की लग्नात तो माझ्याशेजारी बसल्या बसल्या झोपला होता. त्याच्या मामानं चिमटा काढला तेव्हा दचकून उठला आणि भटजींनाच नमस्कार केला. मला हसू आलं होतं आणि आईनं डोळे वटारले होते.

मी ते सांगितलं. मिसेस हार्टली हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की त्यानं मला दिलेलं एवढंच आहे.

"नाव काय त्याचं?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. मी ते लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही पढवलेलं. त्यानंतर घरात कोणी ते माझ्यासमोर घेतलं नाही, मीही कधी एकटीनं घेऊन पाहिलं नाही.

"मुकुंद," मी म्हणाले.

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं. मी त्यांना मुलींना शिकवते तसं तोडून सांगितलं, मु-कुंद, आणि तिसऱ्या वेळी मला पुढे बोलता आलं नाही. त्या उठून माझ्यामागे आल्या आणि ओल्या हातांनीच माझे खांदे धरून उभ्या राहिल्या. चौदाव्या वर्षी रडायचं राहिलं होतं ते मी तिथं रडले. तोंडातून जे निघालं ते सगळं नागपूरचं होतं. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं, आणि जिला कळलं असतं तिच्याकडे मी आता जाणार नव्हते.