अ‍ॅक्सिडेंट कशाला म्हणायचं

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या त्या कारखान्यात बोलायला तमिळ, शिव्या द्यायला हिंदी आणि सही करायला इंग्रजी, अशी भाषांची सोयीस्कर वाटणी होती. कराडहून आलेल्या ऋजुता मानेच्या वाट्याला, सेफ्टी ऑफिसर म्हणून, तिन्ही आल्या. नव्या कामगारांना पहिल्याच दिवशी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ती दोन इंग्रजी शब्द शिकवायची. तेल सांडलं, पट्टा तुटला, पण माणूस धड राहिला, तर तो इन्सिडेंट. माणसाला इजा झाली की अ‍ॅक्सिडेंट. इन्सिडेंट असेल तर सुपरवायझर मशीन पुन्हा चालू करू शकतो. अ‍ॅक्सिडेंट असेल तर मशीनला कुलूप, आणि बाहेरची माणसं येऊन तपासून गेल्याशिवाय ते निघत नाही.

बुधवारी संध्याकाळी वेंकट नावाच्या कंत्राटी कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये गेली. यात शब्दाचा घोळ घालण्यासारखं काही नव्हतं. तरी गुरुवारी सकाळी प्लांट मॅनेजर व्यासराज यांनी ऋजुताला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

व्यासराज तंजावरकडचे मराठी. चेन्नईत एकट्या पडलेल्या ऋजुताला त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीने पहिल्याच महिन्यात घरचं माणूस मिळवून दिलं होतं. आज ती मराठी ऐकायचीच तिला भीती वाटत होती.

"बस, तंगच्ची," ते म्हणाले. तमिळमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ते तिला म्हणत. "इन्सिडेंट म्हंजे काय? घडलेलें कांहीं पण. डिक्शनरी काढून पाहा. मग तें लिहिलें तर लबाडी कशी होईल?"

"सर, बोटं गेलीत त्याची."

"गेलीं. अय्यो, मला दुःख नाहीं काय? पण अ‍ॅक्सिडेंट लिहिलेंस तर प्रेस बंद. माल गेला नाहीं तर ऑर्डर दुसरीकडे. आणि पहिला प्रश्न तुलाच विचारतील, सोमवारीं तपासलेंस काय म्हणून. दोनच्या शिफ्टच्या आंत रिपोर्ट दे."

प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. माल भराभर निघावा म्हणून तो पडदा आठवडाभर बंद ठेवला होता. आणि सोमवारच्या तपासणीच्या कागदावर ‘चालू आहे’ अशी खूण ऋजुताने खाली न उतरता, खुर्चीत बसूनच केली होती. तशी ती बऱ्याच सोमवारी करायची.

रिक्षा करून ती इस्पितळात गेली. वेंकटने ‘खरं तेच लिहा’ म्हणावं, म्हणजे आपल्याही अंगात बळ येईल, असा तिचा बेत होता. आपलं धैर्य दुसऱ्याकडून उसनं मागायचा हा प्रकार, पण घाबरलेला माणूस आणखी काय करणार?

वेंकट उशीला टेकून बसला होता. तिला पाहून तो उठायला लागला. तिने त्याला बसवलं आणि रिपोर्टचं सांगितलं.

"इन्सिडेंट लिहा, मॅडम," तो तमिळमध्ये लगेच म्हणाला. "तुम्ही शिकवलेला फरक मला पाठ आहे. पण अ‍ॅक्सिडेंटवाल्याला कंत्राटदार पुन्हा घेत नाही. इन्सिडेंट असेल तर जागा घरातच ठेवतो म्हणालाय. आज दोनला कनका कामाला लागतेय."

कनका त्याची बायको. जखमी माणूस बरा होईपर्यंत त्याच्या जागी त्याच्याच घरचं कुणी उभं करायचं, ही कंत्राटदारांची रीतच होती. त्यामुळे तक्रार होत नसे आणि काम अडत नसे. लोक याला चांगुलपणा म्हणत, आणि ऋजुताही कालपर्यंत म्हणत होती.

"कुठल्या मशीनवर?" तिने विचारलं.

"माझ्याच. अवघड नाही ते. सकाळी तिला दाखवलंय मी, पत्रा आत कसा सरकवायचा." आणि बँडेज बांधलेला हात पुढे करून त्याने तो सरकवूनही दाखवला.

ऋजुता बाहेर आली आणि तिने सुपरवायझरला फोन लावला. प्रेसचा पडदा चालू केला का?

"ही ऑर्डर संपू दे, मॅडम. मग करतोच."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेरच्या बाकावर बसून तिने मोबाइलवर रिपोर्टचा फॉर्म उघडला आणि अ‍ॅक्सिडेंट हा शब्द निवडला. कारण लिहिलं. खाली, सोमवारी मी प्रत्यक्ष तपासणी केली नव्हती, हेही लिहिलं. दोनदा चुकीचं टाइप झालं. मग तिने फॉर्म पाठवून दिला. तो मागे घ्यायची सोय नव्हती.

आत जाऊन तिने वेंकटला सांगितलं.

"मला विचारायला कशाला आलात मग?" तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. खरंच, कशाला आली होती ती? तिला स्वतःची लाज वाटली.

व्यासराजांचे दोन फोन येऊन गेले. तिसऱ्यांदा मेसेज आला, इंग्रजीत: चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नये.

साडेतीनला कनका इस्पितळात आली, तेव्हा ऋजुता अजून दाराजवळच्या बाकावरच होती. अंगावर कारखान्याचा नवा कोरा निळा कोट, केसांवर जाळीची टोपी. प्रेसला कुलूप लागलं म्हणून तिला गेटवरूनच परत पाठवलं होतं. दारातच तिने ऋजुताला फैलावर घेतलं. पोटावर पाय दिलात, तुम्ही शिकलेली माणसं, दुसरी नोकरी धराल, आम्ही कुणाच्या दारात जायचं? तिच्या भराभर तमिळ बोलण्यातलं निम्मंच ऋजुताला कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. ऋजुताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तरी ती उठून गेली नाही, खुलासाही केला नाही. कनकाचे दोन्ही हात तिच्या तोंडापुढे नाचत होते, आणि ऋजुता त्या हातांची बोटं बघत होती. दहाच्या दहा होती.