काचेतला चित्ता

आजोबांनी नातीच्या कंपासपेटीतला खोडरबर उचलला, स्वयंपाकघरात कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाच्या पहिल्याच रकान्यातलं 'राष्ट्रीय संग्रहालय' पुसून टाकलं. ही तिसरी खेप. पेन्सिलीचा ठसा राहिलाच, म्हणून त्यावरून अंगठा फिरवला आणि चुऱ्यासकट खोडरबर शर्टाच्या खिशात टाकला. चोरी करावी तर अशी, नीटनेटकी.

सफारीचा सगळा बेत सूनबाईंचा होता. गुरुवारी राजधानीत उतरायचं, संग्रहालय बघायचं, शुक्रवारी उजाडताच जीपनं जंगलाकडे निघायचं आणि मग पाच दिवस नुसते प्राणी. त्यातलं संग्रहालय तिनं खास आजोबांसाठी घातलं होतं. कातड्यात पेंढा भरून मेलेल्या प्राण्यांना पुन्हा पायांवर उभं करण्यात त्यांची सव्वीस वर्षं त्या इमारतीच्या तळघरात गेली होती. मधल्या दालनातला चित्ता हे त्यांचं सगळ्यात नावाजलेलं काम. नऊ वर्षांच्या नातीनं तर शाळेत सांगून ठेवलं होतं की संग्रहालयातला चित्ता आमच्या आजोबांचा आहे.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली, पर्स खुर्चीला अडकवली आणि फ्रिजसमोर थबकली.

"पुन्हा पुसलं! चिमणे, हा काय खेळ आहे गं तुझा?"

"मी नाही पुसलं!" नात आतून ओरडली.

आजोबांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. पोरीच्या नावावर बिल फाटत होतं आणि ते गप्प बसले होते, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण तोंड उघडेना.

"राहू दे ना ते," ते पेपराआडून म्हणाले. "तिथे लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा नाही. आणि सोमवारी बंदच असतं."

"आपण गुरुवारी जातोय, बाबा."

"गुरुवारी गर्दी असते."

टेबलाशी वाटाणे सोलत बसलेल्या आजींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

त्याचं असं झालं होतं. चित्त्याचं कातडं आलं ते मिठात, खोक्यात घडी घालून. जिवंत चित्ता आजोबांनी जन्मात पाहिला नव्हता. मांजराच्याच जातीचा ना, मग घरातलं मांजर कशाला आहे, असं म्हणून त्यांनी घरच्या मनीला टेबलावर झोपवून पंजे मापले आणि तसेच बेतले. नखं आत ओढली, वरून केस चापून बसवले. दालन उघडलं त्या दिवशी मोठे साहेब काचेला नाक लावून म्हणाले, "वा! पंजे तर अगदी मांजरासारखे!" टाळ्या झाल्या. सात महिन्यांनी टीव्हीवर एका माहितीपटात चित्ता थेट कॅमेऱ्यापाशी आला. त्याची नखं बाहेर होती, कुत्र्याची असतात तशी, चालतानासुद्धा. आजोबांनी उठून टीव्ही बंद केला.

काच तोवर पक्की झाली होती. सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडानं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बावीस वर्षं काढली. पण आता नात गुरुवारी काचेतला चित्ता बघणार होती आणि शनिवारी खरा. पोरगी अशी की आमटीत मीठ कमी पडलं तरी कोणी टाकलं ते विचारायची. ती नखं बघणार आणि मग आजोबांकडे बघणार. ती नजर त्यांना नको होती.

"बाबांना त्रास होणार असेल तर वगळूया," सूनबाई जरा हिरमुसून म्हणाली. "गाईडला विचारते, गुरुवारीच जंगलाकडे निघता येईल का."

तिनं फोन लावून टेबलावर ठेवला. गाईडचा आवाज मोठा होता, उघड्यावर बोलायची सवय असलेला.

"संग्रहालय वगळायचं? अहो ताई, नका वगळू. मी माझ्या सगळ्या पाहुण्यांना आधी तिथेच नेतो. तो चित्ता दाखवतो आणि सांगतो, यात एक चूक आहे, शोधा."

पेपर खाली आला.

"चूक?" सूनबाईनं विचारलं.

"सांगितलं तर मजा जाईल. पण एकदा ती सापडली की माणूस जंगलात चित्त्याचा माग ओळखायला चुकत नाही. आम्हा गाईड लोकांच्या परीक्षेतसुद्धा तो प्रश्न असतो. संग्रहालयानं आता पाटीच लावलीय तिथे, चूक शोधा म्हणून."

आजोबा खुर्चीवरून उठून फोनवर वाकले.

"हसत असतील ना लोक?" त्यांनी विचारलं. "ज्यानं केला त्याला?"

"हसतील कशाला? उलट पहिल्यांदा मलाच सापडली नव्हती. अर्धा तास उभा होतो, वाटत होतं आत्ता उडी मारेल. ज्यानं केला तो माणूस आहे का हो अजून? एकदा भेटायचं होतं."

सूनबाई सासऱ्यांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता.

"आहे," आजोबा म्हणाले. "गुरुवारी येतोय."

फोन ठेवल्यावर ते तसेच टेबलाला धरून उभे राहिले आणि मग हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, तोही बावीस वर्षांनी.

"कुणाला कळू नये म्हणून मी मरत होतो," ते आजींना म्हणाले, "आणि तिथे पाटी लावलीय!"

"मला तर तेव्हाच कळलं होतं," आजी म्हणाल्या. "टीव्ही बंद केलात ना, तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." आजींनी सालपटं बाजूला सारली. "आणि मी कोणत्या तोंडानं बोलणार? मनीचे पाय धरून ठेवायला कोण होतं?"

आजोबांनी खिशातून खोडरबर काढला, पेटीत ठेवला आणि नातीला हाक मारली. मग पेन्सिल बाजूला सारून पेन घेतलं आणि पहिल्या रकान्यात ठळक अक्षरांत 'राष्ट्रीय संग्रहालय' लिहिलं.

"कागद मी पुसत होतो, चिमणे. तुझा काही दोष नाही," ते म्हणाले. "आणि ऐक. आपल्या चित्त्यात एक चूक आहे. गुरुवारी तुला शोधायचीय. मी सांगणार नाही."

"चूक? कुणी केली?"

आजोबांनी तोंड उघडलं.

"आम्ही दोघांनी," आजी म्हणाल्या आणि पुढची शेंग सोलायला घेतली.