तिसऱ्या मॉनिटरवरचा कोट

"ह्याचा काळा काळा नाही, राखाडी आहे," चौथ्या मॉनिटरपुढे उभं राहून ह्यांनी निकाल दिला. विक्रेतीने न कंटाळता पाचवा लावला. मला पाचही सारखेच. पाचांवर एकच सिनेमा चालू होता आणि तीच बाई तोच कोट घालून तोच जिना चढत होती. खोली लहान, टीव्ही फार मोठा होईल, मॉनिटरवर जवळूनही चित्र स्वच्छ दिसतं, असं आमच्या मुलाने ठरवलं होतं.

खरं तर मुलाला मॉनिटरच्या खोक्यातून ह्यांना निवृत्तीच द्यायची होती. चाळीस वर्षं आमच्या दोरे-अस्तराच्या दुकानात ह्यांनी रंग जुळवून दिले. कुणी चिंधी पुढे केली की हात आपसूक नेमक्या रिळावर जायचा. दोन महिन्यांपूर्वी मात्र एका शिंपिणीला मरून रंगाच्या कापडावर तपकिरी दोरा गेला. मग आणखी दोघी परत आल्या. "बाबा, आता घरी बसून सिनेमे बघा," मुलगा म्हणाला. तेव्हापासून ह्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला. मी वरवर धीर द्यायचे, पण माझंही धाबं दणाणलं होतं.

"कोटाचा रंग खरा तिसऱ्यात आहे," हे हळूच म्हणाले. मुलगा म्हणाला, सगळे सारखेच आहेत. विक्रेतीने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्याचेच रंग कारखान्यात मोजून लावलेले होते, बाकीचे भडक करून ठेवलेले. काकांची नजर पक्की आहे, असं तिने मुलालाच सुनावलं. ह्यांचा विश्वास बसेना. खात्री करायला ह्यांनी खिशातून त्या शिंपिणीची चिंधी काढून पडद्याला लावली.

"कापड नका लावू, काका. पडद्याला स्वतःचा उजेड असतो. आणि वरच्या ह्या स्वस्तातल्या पांढऱ्या ट्यूबखाली मरूनसुद्धा तपकिरी दिसतो," विक्रेती म्हणाली.

ह्यांनी वर बघितलं, मग मुलाकडे.

"आपल्या दुकानात ह्याच ट्यूब लावल्यास ना?"

"हो."

"कधी?"

मुलाचा चेहरा उतरला. "तीन महिने झाले, बाबा."

हे दारापर्यंत गेले, उन्हात चिंधी धरली आणि कितीतरी वेळ तशीच धरून राहिले. माझ्या जिवात जीव आला. भर दुकानात मी डोळे पुसले, कोण बघतंय ह्याची पर्वा न करता.

मॉनिटर तिसराच घेतला. चित्र झकास आहे, पण बघते मी एकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने हाक मारायच्या आत हे जिना उतरले होते. ट्यूब बदलून होईपर्यंत ह्यांनी दुकानाच्या पायरीवर, उजेडात खुर्ची टाकली. गिऱ्हाइकं चिंध्या घेऊन तिथेच उभी राहिली, हे रिळांचे नंबर सांगत होते आणि मुलगा आतून एकेक रीळ आणून ह्यांच्या हातात देत होता.