मामांची प्यादेमात

शुक्रवारी संध्याकाळी सहाला नावं द्यायची मुदत संपत होती, आणि दुपारचे पावणेदोन वाजले तरी मी मामांना एकदाही हरवलेलं नव्हतं.

मामा म्हणजे माझे सासरे, अर्जुनराव. सगळ्या घाटनांदुरात त्यांच्याइतकं बुद्धिबळ कुणाला येत नाही असं ते स्वतः म्हणतात, आणि अजून तरी कुणी ते खोटं ठरवलेलं नाही. दहा दिवसांपूर्वी माझ्या नवऱ्यानं, आदिनाथनं, परळीहून, थर्मलच्या ड्युटीवरून, मला एक मेसेज पाठवला. अंबाजोगाईला रविवारी महिलांची बुद्धिबळ स्पर्धा, नवशिक्यांसाठी वेगळा गट. खाली त्यानं लिहिलं होतं, "जातेस का?" मी तो मेसेज सायलीला पाजता पाजता सात-आठ वेळा वाचला. जातेस का! जणू मी कुणी खेळाडूच.

आत्या, म्हणजे सासूबाई, लगेच म्हणाल्या, "लेकराला मी बघते दिवसभर. पण नेणार कोण तुला? आदिनाथची तर रविवारी ड्युटी हाय. तुझ्या मामांना इचार."

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "एकदा मला हरव. एकदाच. मग मी सोता गाडीवर बसवून नेतो तुला. न्हाईतर तिथं जाऊन पाच मिन्टात मात खाऊन येशील, अन् लोक म्हणतील, ही अर्जुनरावांची सून का?"

"आणि नाही हरवलं तर?"

"तर पुढच्या साली. स्पर्धा कुठं पळून चालली?"

पुढच्या साली! त्यांना काय सांगू, मला पुढचा तास दिसत नाही. सायली आठ महिन्यांची. दुपारी जेवणं झाली की ती झोळीत पाऊण तास झोपते, कधी पंचवीसच मिनिटं. तेवढाच वेळ माझा. त्या वेळात आधी मी झोपायचे. मग श्रावणात मामांचे खेळगडी आसारामकाका मेंढरं घेऊन दोन महिने बालाघाटाच्या माळावर गेले, आणि मामा पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसू लागले. एकदा मी त्यांना चहा द्यायला गेले आणि उगीच विचारलं, "मामा, हा घोडा दुसऱ्यांच्या डोक्यावरून उडी मारतो ते चालतं का?"

"बस," ते म्हणाले. तेव्हापासून बसलेच आहे.

पहिला पंधरवडा नुसतं हसू होतं. मी वजीर घेऊन सुटायचे आणि तिसऱ्या चालीत तो गमवायचे. उंट तिरका जातो हे माहीत असून दर वेळी त्याच्या वाटेत हत्ती ठेवायचे. काळ्यातलं एक प्यादं सायलीनं तोंडात घातलं ते परत सापडलंच नाही, त्याच्या जागी तिच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उभं असतं. त्या झाकणानंसुद्धा मला दोनदा मारलंय. पण हरण्यातही मजा यायची. एखादी चाल आपली आपल्याला सुचली की पोटात लहानपणी झोक्यावर व्हायचं तसं व्हायचं. मग मोबाइलवर कोडी सोडवायला लागले. दोन चालींत मात करा, तीन चालींत मात करा. भाजी निवडताना एक, सायलीला थोपटताना एक. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या त्या तारखेच्या चौकटीत मी पेन्सिलीनं बारीक लिहायचे, आज कशानं हरले. "घाई." "घोडा दिसलाच नाही." "सायली रडली म्हणून, पण खरं तर आधीच हरले होते."

बुधवारी रात्रीचा स्वयंपाक करायच्या आधी मी ती चौकटीतली अक्षरं ओळीनं वाचत गेले. आणि एक गोष्ट अशी समोर आली की मी पीठ मळायचंच विसरले.

"प्याद्यानं." "प्याद्यानं." "पुन्हा प्याद्यानं."

मामांना प्यादेमात द्यायची भारी हौस. वजिरानं मात केली तर त्यात काय, हत्तीनं केली तर ते हत्तीचं काम. पण राजाला साध्या प्याद्यानं मारलं तर ती खरी मात, असं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. प्यादेमात झाली की मामा मिशीवरून हात फिरवतात आणि आत्यांना हाक मारून चहा मागतात. इथवर मला ठाऊकच होतं. पण बुधवारचाच डाव आठवून बघितला तर त्यांचा वजीर माझ्या राजाला एका चालीत मारू शकत होता. त्यांनी मारलं नाही. चार चाली थांबले, एक प्यादं आणायला. त्या चार चालींत त्यांचं बाकी कशाकडेच लक्ष नव्हतं. आणि माझंही नव्हतं! मी नुसती घाबरून बसले होते.

भाकरी तव्यावर टाकताना ते मला अख्खं दिसलं. मामांचा राजा एका कोपऱ्याशी. त्याच्यापुढं तीन प्यादी, सुरुवातीपासून जागची न हललेली. राजाला पुढं यायला फटच नाही. मागच्या शेवटच्या रांगेत त्यांचा एक हत्ती पहाऱ्याला असतो, म्हणून तो राजा सुखात. तो हत्ती तिथून हलला आणि माझा हत्ती त्या रांगेत उतरला, तर राजा आपल्याच प्याद्यांच्या मागं कोंडून मरणार.

"भाकर जळाली की गं!" आत्या म्हणाल्या.

"जळू द्या आत्या," मी म्हणाले, आणि मग स्वतःच जीभ चावली.

गुरुवारी मी ते करून बघितलं आणि हरले, कारण घाई केली. राहिला शुक्रवार.

तर पावणेदोन. सायली झोळीत. आसारामकाका माळावरून परतले होते. त्यांची मेंढरं समोरच्या लिंबाखाली बसली होती आणि ते ओट्यावर, पटाच्या कडेला. मी मामांसमोर पदर सावरून बसले तेव्हा काका म्हणाले, "सूनबाई, ह्या माणसाला हरवायला मी एकोणीस वर्षं लावली. तू आजच का म्हून लागलीस मागं?"

"सहा वाजता नावं बंद होतायत काका."

"बघणाऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई," मामांनी आधीच ठणकावलं. हा नियम त्यांचाच. मागच्या आठवड्यात आसारामकाकांनी मला डोळ्यानं एक घोडा दाखवला, तर मामांनी अख्खा पट मोडला होता. "बघायचं तर बघ. बोललास तर डाव बाद."

"न्हाई बोलत. मेंढरावानी गप बसतो."

पांढऱ्या सोंगट्या माझ्या. सुरुवात मी नीट केली. घोडे बाहेर, उंट बाहेर, वजीर घरात. उगीच भटकू दिला नाही. दहा-बारा चाली झाल्या आणि पहिल्यांदाच असं झालं की माझं काही फुकट गेलं नव्हतं. मामांच्या कपाळावर एक आठी आली. ती बघूनच मला इतकं हसू यायला लागलं की मी तोंडावर पदर धरला.

"हसतीस काय?"

"काही नाही मामा. चाल करा."

मग मी ते केलं. माझा एक हत्ती मधल्या मोकळ्या पट्टीत आणून ठेवला, अगदी साधेपणानं, जणू त्याला दुसरीकडं जागा नाही. आणि माझा राजा कोपऱ्याकडं सरकवला, जिथं मामांचं एक प्यादं खाली उतरत आलेलं होतं. म्हणजे मीच त्यांना प्यादेमात पानात वाढली. धोका होता. त्यांचा वजीर आणि उंट दोघंही माझ्या राजाच्या दिशेनं होते. त्यांनी हौस बाजूला ठेवून सरळ वजीर राजाशेजारी आणून बसवला असता, मागून उंटाचा जोर होताच, तर माझा डाव तिथंच संपला असता. अंबाजोगाई संपली असती. मला हे कळत होतं आणि तरी मी राजा सरकवला.

मामांनी पट बघितला. हात वजिराकडं गेला.

आतून झोळीची कडी किरकिरली, सायली कूस बदलत होती. आता नको गं बाई, आता नको.

हात वजिरावर थांबला. तिथून मामांची नजर हळूच त्या प्याद्याकडं गेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, भीती वाटली की माझ्या डोळ्यांत त्यांना सगळं दिसेल. प्यादं अजून एक घर पुढं गेलं की मात; पण तिथं माझा राजाच त्याला मारू शकत होता. त्या प्याद्याला मागून जोर हवा होता. आणि जोर द्यायला मोकळा असा एकच मोहरा उरला होता त्यांच्याकडं.

आसारामकाका खोकले.

मामांनी मान वर केली नाही. काका परत खोकले, या वेळी लांब आणि दोनदा.

"बिडी कमी कर," मामा म्हणाले.

"अर्जुनराव, मी काय म्हणतो, वजि…"

"आसाराम! बघणाऱ्यानं काय करायचं?"

"बघायचं," काका म्हणाले आणि दोन्ही हातांनी स्वतःचा रुमाल पिळत बसले.

मामांनी हत्ती उचलला. शेवटच्या रांगेतला. पहाऱ्याचा. पटभर खाली आणून तो त्यांनी प्याद्याच्या मागं ठेवला, अगदी लाडानं, आणि बोट उचलून मिशीकडं नेलं.

आतून सायलीचं पहिलं "अँ" आलं.

"आले गं आले," मी म्हणाले, आणि माझा हत्ती मधल्या पट्टीतून सरळ वर नेऊन मामांच्या शेवटच्या रांगेत ठेवला. "शह."

माझा आवाज मलाच वेगळा ऐकू आला.

"हं," मामा म्हणाले. राजाला पुढं सरकवायला हात गेला, पुढं प्यादं. शेजारी, तिथंही प्यादं. मागच्या रांगेत डावीकडं, उजवीकडं. सगळीकडं माझा हत्ती. मध्ये घालायला वजीर बघितला, तो माझ्या राजाच्या दारात जाऊन बसलेला. उंटही तिकडंच. त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. पट तोच होता.

"मी पुढच्या चालीला प्यादेमात देत होतो," मामा म्हणाले.

"हो मामा."

"देतच होतो."

"हो."

"अन् त्याच्या आधी वजिरानं पण मारत होतो!"

"तेच सांगत होतो की मगापासून," आसारामकाका भडकले. "खोकून खोकून नरडं सुजलं माजं!"

मी उठून पळालेच. सायलीला झोळीतून उचललं, तिच्या गालाची, मानेची, मुठीची पापी घेतली, तिला काही कळेना, ती रडायचं विसरून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्या शेंगा फोडत होत्या.

"जिंकलीस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चहा मागितला न्हाई त्यांनी." त्या उठल्या, ओट्यावर जाऊन नवऱ्याचं तोंड बघून आल्या आणि पदराआड इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाई बाई. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं तोंड मी एकदाबी बघितलं न्हाई."

मी सायलीला पाजत उंबऱ्याशी बसले. बाहेरून मामांचा फोनवरचा आवाज येत होता. फोनवर ते नेहमी ओरडतातच. "हॅलो! नाव लिवा. धनश्री. आदिनाथची… न्हाई, आधी तिचंच नाव लिवा. घाटनांदूर. हां. किती दिवस? तीन-साडेतीन महिने झाले शिकून. कोण शिकवतं?" इथं ते थोडे थांबले. "घरीच."

फोन ठेवून त्यांनी आत बघितलं. मला वाटलं रागावलेत. पण त्यांनी आत्यांना सांगितलं, "लेकरू घ्या तिच्याकडून."

"आवो, पिऊ तर द्या पोटभर तिला."

"पिलं की घ्या. धनश्री, इकडं ये. रविवारी तिथं तुझ्याम्होरं ज्या बाया बसतील त्या माझ्यासारख्या प्याद्याची वाट बघत न्हाईत बसणार. वजीर दिसला की वजिरानं मारतील. लई सरळ मारतील. ते बघायला पायजे तुला. मांड."

मी सोंगट्या मांडल्या. मामा पालथी मांडी घालून बसले, चष्मा घट्ट केला, आणि पहिल्यांदाच माझ्याशी हौस न करता खेळले. बापरे! एकही चाल वाया नाही. घोडा आला, उंट आला, मी काही विचार करेपर्यंत वजीर माझ्या दारात, आणि या वेळी तो थांबला नाही. चौदाव्या चालीला मात.

आसारामकाकांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मेंढरं उठायला लागली होती, त्यांना निघायचं होतं, तरी ते निघेनात.

मी पटाकडं बघत बसले. इतकी सरळ, इतकी भयंकर सुंदर मात मी अजून खाल्लीच नव्हती. म्हणजे इतके दिवस मामा मला निम्म्या जोरानं खेळवत होते, आणि आता पूर्ण जोरानं मारण्याइतकी तरी मी त्यांना वाटले.

"कळलं का कुठं चुकलीस?"

"सहाव्या चालीला," मी म्हणाले. "उंट आधी काढायला हवा होता."

"पाचव्या," मामा म्हणाले.

आत सायली आत्यांच्या मांडीवर काहीतरी बडबडत होती, आणि आत्या तिला हळू आवाजात सांगत होत्या, थांब जरा, तुझी आई खेळतीय.

"पाचवीपासून परत लावा मामा," मी म्हणाले.