ऑर्लिनने मढवलेली मी

मी कार्बाइन बोलतेय. दचकू नका, मॅगझिन काढून ठेवलंय आणि नळी भिंतीकडे आहे. त्याशिवाय आमच्या घरात मला कुणी टेबलावर ठेवतच नाही.

माझी जात जरा मिश्र आहे. अंगकाठी रायफलीची, भूक पिस्तुलाची. दस्ता खांद्याला लावून मला चालवायचं, पण माझ्या पोटात जातं ते पिस्तुलाचं आखूड काडतूस. त्यामुळे माझा धक्का सौम्य. शेजारच्या कपाटातल्या मोठ्या रायफली मला हसतात. हसू देत बापड्या! त्या नोव्हेंबरातले चार दिवस हरणांमागे जंगलात मिरवतात आणि उरलेलं वर्ष अंधारात काढतात. मला मात्र दर रविवारी बाहेर जायला मिळतं.

कारखान्यातून निघाले ती थेट विस्कॉन्सिनमधल्या एल्क प्रेरी गावच्या दुकानात आले. तिथे भिंतीवर पेंढा भरलेलं हरणाचं डोकं होतं. जो कुणी मला उचलायचा तो एक डोळा मिटून त्या हरणावरच नेम धरायचा. मेल्यावरही बिचाऱ्याची सुटका नव्हती.

एक दिवस ऑर्लिन टेश आणि त्याची बायको मार्जीन दुकानात आले. ऑर्लिनची हयात चीजच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली, आणि मार्जीनची शाळेची बस चालवण्यात. गुडघाभर बर्फातून पोरांना सुखरूप नेणारी बाई ती. तिने मला खांद्याला लावलं. हरणाकडे बघितलंसुद्धा नाही, समोरच्या रिकाम्या भिंतीवर नेम धरला. मला ती तिथेच आवडली.

"ही खांदा दुखवत नाही म्हणतोस?" तिने दुकानदाराला विचारलं. "मग हीच दे."

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. गावाबाहेर नेमबाजीचा क्लब आहे. तिथे लोखंडी तबकड्या मांडतात, पंच घड्याळ लावतो आणि एकेक तबकडी भराभर उडवायची असते. माझ्या अंगावर तेव्हा काहीच नव्हतं. पुढे एक छोटी उभी काडी, मागे एक कडी. कडीतून काडी बघायची, काडी तबकडीवर ठेवायची आणि चाप दाबायचा. टण्ण! प्रत्येक आवाजाला मार्जीन हसायची. असं हसणं बंदुकीच्या वाट्याला फार कमी येतं हो.

पण वय कुणाला चुकलंय? पुढची काडी तिला धूसर दिसू लागली. तिने काय केलं, तर औषधाच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरून एक तयार चष्मा उचलला. आणि ऑर्लिनने काय केलं? ऑर्लिन म्हणाला, "अगं, काळजी कशाला करतेस? यावर वस्तू मिळते."

ऑर्लिनच्या आयुष्याचं सार या तीन शब्दांत आहे. यावर वस्तू मिळते. छत गळालं, यावर वस्तू मिळते. कुत्रा घोरतो, यावरही मिळते.

पहिली वस्तू आली ती लाल ठिपक्याचं भिंग. काचेत एक लाल ठिपका दिसतो. काडी नको, कडी नको, ठिपका तबकडीवर नेला की झालं. कल्पना मोठी झकास. पण एकदा खोकं उघडायची चटक लागल्यावर माणूस थांबतो का! मग टॉर्च आला, भर दुपारच्या स्पर्धेसाठी. मग लेसर आला. त्याचा उपयोग फक्त शेजारच्या मांजरीला झाला. मग पुढे धरायची मूठ, दोन पायांचा टेकू, भिंगाच्या मागे लावायचं मोठं भिंग, आणि रिकामी काडतुसं झेलायची एक जाळीची पिशवी. लग्नातल्या नवरीवर माहेरचे, सासरचे आणि उसने आणलेले असे सगळे दागिने चढवावेत, तशी मी दिसू लागले.

त्यांचा शेजारी गेलेन ब्रॉटन हा क्लबातला टवाळ माणूस. तो म्हणाला, "ऑर्लिन, कॉफीचं यंत्र तेवढं राहिलं बघ. इथे उजव्या बाजूला जागा आहे."

"हस लेका. वेळ आली की माझ्याकडेच येशील."

"येईन ना. तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर चांगले आहेत."

सगळे हसले, मार्जीनही हसली. पण घडत होतं ते भलतंच. लाल ठिपका आला आणि तिचा नेम चुकायला लागला. आधी एखादी तबकडी, मग दोन, मग अर्ध्याअधिक. टण्णऐवजी मागच्या मातीच्या बांधात धप्प असा आवाज यायचा, आणि ती मला हळूच खाली ठेवायची.

ऑर्लिनने भिंग बदललं. "हे सदोष निघालं." मोठ्या ठिपक्याचं आणलं. तेही सदोष निघालं. मग बारीक ठिपक्याचं, मग हिरव्या ठिपक्याचं. बायकोला काय झालंय हे त्याने चार दुकानांना विचारलं, बायकोला तेवढं विचारलं नाही. तसा तो वाईट नाही. त्याचा जीव आहे तिच्यावर, फक्त तो जीव टपालाने खोक्यातून येतो.

आता खरं काय ते सांगते. तळघरात मला पुसताना मार्जीन अधूनमधून थांबायची. उजवा हात समोर धरायची, बोटं ताणायची आणि बघत राहायची. तिच्या आईचे हात म्हातारपणी थरथरत. चमचा तोंडापर्यंत जाईतो सूप टेबलक्लॉथवर सांडलेलं असायचं. शेवटी शेवटी त्या माउलीला गाउनचं बटणही लावता येईना. मार्जीन हे स्वतःशीच पुटपुटायची. तिला वाटत होतं, आपलंही तेच सुरू झालं. भिंगात सगळं लालभडक थरथरताना दिसतं, म्हणजे हातच गेला. ऑर्लिनला तिने यातला एक शब्दही सांगितला नव्हता.

आणि मला तर माहीत होतं! मी त्याच हातांत होते ना! तिची पकड घट्ट होती आणि चाप ओढताना माझी नळी तसूभर हलत नव्हती. मी ओरडून सांगितलं असतं, 'बाई गं, तुझे हात ठणठणीत आहेत!' पण मला तोंड असलं तरी त्यातून निघतं ते बोलणं नव्हे. एवढी अगतिक मी कधीच झाले नव्हते.

एका शुक्रवारी दोघं मासे खायला बाहेर गेले आणि परत आल्यावर मार्जीनने स्वयंपाकघरात विषय काढला. खाली तळघरात मला सगळं ऐकू येत होतं.

"ऑर्लिन, शरदातली जोडीची स्पर्धा झाली की मी थांबणार. बंदूक गेलेनला देऊन टाकू. तो विचारत होता."

"थांबणार? का?"

"कंटाळा आला."

"कंटाळ्यावर—"

"कंटाळ्यावर वस्तू मिळते म्हणालास तर बघ!"

गेलेन काही वाईट मालक झाला नसता. तरी ती असं खोटं कारण सांगून मला सोडणार, हे माझ्या जिवाला लागलं.

स्पर्धेचा रविवार आला. चर्च सुटल्यावर सगळं गाव क्लबवर जमलं. शेगडीवर ब्राट सॉसेज चरचरत होती, कुणीतरी ताजं चीज आणलं होतं, ते दातांखाली करकरत होतं. पहिल्या फेरीत ऑर्लिनने आपल्या बाजूच्या तबकड्या बऱ्या उडवल्या. मग मार्जीन उभी राहिली. धप्प. धप्प. एकदाच टण्ण, आणि पुन्हा धप्प. वेळ संपली. स्पर्धेची पंच लव्हर्न हळू आवाजात म्हणाली, "रिकामी कर, दाखव." मार्जीनने मला रिकामं करून दाखवलं आणि टेबलावर ठेवलं.

गेलेनला राहवलं नाही. वास्तविक तासाभरात मी त्याचीच होणार होते, त्याने मजेत सॉसेज खात बसायचं होतं. पण तो उठून आला.

"मार्जीन, तू घाई करतेस. ठिपका तबकडीच्या मधोमध आणायचा, आणि मगच दाबायचं."

"कोणता?" मार्जीनने विचारलं.

"कोणता म्हणजे?"

"अरे, कोणता ठिपका? वरचा धरू की खालचा? मी आजवर मधला धरत आले, तर ते चुकतंय."

शेगडीवरचा चिमटा थांबला. लव्हर्नने घड्याळ खिशात टाकलं.

"मार्जीन," गेलेन सावकाश म्हणाला, "तुला किती ठिपके दिसतात?"

"सगळ्यांना दिसतात तेवढेच. द्राक्षांचा घोस असतो ना, तसे. आणि एक शेपटी."

गेलेनने खिशातून फोन काढला. मी टेबलावर रिकामी पडले होते, तोंड बांधाकडे. त्याने फोनचा कॅमेरा भिंगामागे धरला आणि फोटो काढून मार्जीनपुढे केला. फोटोत एकच ठिपका होता, गोल गरगरीत, वाटाण्यासारखा.

"फोनला एक दिसतो," गेलेन म्हणाला. "भिंगात खोट नाही, बाई. खोट तुझ्या डोळ्यात आहे. माझ्या बहिणीचंही हेच. डोळ्याचा गोल जरा वाकडा असला की ठिपक्याचा दिवा फाटून पसरलेला दिसतो. साधा चष्म्याचा नंबर आहे हा."

मार्जीन त्या फोटोकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे हात नाही?"

"हाताचं काय?"

"काही नाही. नुसते डोळेच ना? नक्की?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे पाण्याने भरले, तिने बाहीने ते पुसले आणि पुन्हा हसली. लोकांना वाटलं, बाई ठिपक्यांवर हसतेय. तिला काय परत मिळालं, ते तिथे फक्त मला कळलं.

पुढे तर गंमतच झाली. जो तो माझ्यामागे वाकून बघू लागला आणि कबुलीजबाब सुरू झाले.

"मला तर स्वल्पविराम दिसतो," एक म्हातारबा म्हणाले. "कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, हसतील."

"मला झाडू दिसतो."

"तरीच तू दोन वर्षं नुसता झाडतोयस!"

सगळ्यांत शेवटी ऑर्लिनने घसा साफ केला. "मलाही थोडी शेपटी दिसते. मला वाटलं, कंपनीनेच दिलीय. वाऱ्याची दिशा दाखवायला."

त्यावर जो हशा पिकला, त्यात दोन सॉसेज शेगडीत पडून जळाली.

गेलेनने स्वतःच्या कार्बाइनवरचं भिंग सोडवलं. त्यात दिवा नसतोच, काचेवरच बारीक काळी फुली कोरलेली असते आणि डोळ्याजवळची कडी फिरवून ती स्वच्छ करून घेता येते. लव्हर्नने नियम सांगितला: मधेच भिंग बदललं तर बदलणाऱ्याचे पहिल्या फेरीचे गुण शून्य. "शून्याच्या शेजारीच होते," मार्जीन म्हणाली.

मग तिने ऑर्लिनकडे हात पुढे केला. "स्क्रूड्रायव्हर."

टॉर्च निघाला. लेसर निघाला. दोन्ही भिंगं, मूठ, टेकू, जाळीची पिशवी, एकेक निघून खोक्यात गेलं. ऑर्लिनचा चेहरा मुलीची वरात वाटेला लावून परतणाऱ्या बापासारखा झाला होता, पण स्क्रू तोच सोडवत होता. मला तर आंघोळ झाल्यासारखं वाटलं. मग बाजूच्या सरावाच्या जागेत कागदी निशाण्यावर पाच-सात गोळ्या झाडून भिंग जुळवून घेतलं आणि आम्ही दुसऱ्या फेरीला उभ्या राहिलो.

टण्ण. टण्ण. टण्ण. सगळ्याच्या सगळ्या. लव्हर्नने सांगायच्या आतच मार्जीनने मला रिकामं करून दाखवलं. जोडी म्हणून त्यांचा नंबर शेवटून दुसरा लागला, आणि टाळ्या मात्र पहिल्या नंबरापेक्षा जास्त पडल्या.

"मग?" गेलेन जवळ येऊन म्हणाला. "बंदूक कधी नेऊ?"

"कसली बंदूक?"

"वाटलंच मला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला मी. निदान माझं भिंग तरी दे."

"नव्या चष्म्याचं काम होईपर्यंत मिळणार नाही. तोवर हे खोकं ने." तिने सगळ्या सामानाचं खोकं त्याच्या हातांत दिलं. गेलेनने आत डोकावून बघितलं आणि टॉर्च पेटवला. मला वाटतं, त्यालाही लागण झाली.

तेव्हापासून माझं बरं चाललंय. मार्जीनच्या चष्म्यात आता त्या वाकड्या गोलासाठीचा सिलिंड्रिकल नंबर आहे. माझ्या अंगावर एक भिंग आणि खांद्याला अडकवायचा पट्टा, बस्स. तुम्ही कधी माझ्यासारखीला सजवायला निघालात, तर एवढं माझं ऐका. वस्तू आणण्याआधी, जिच्यासाठी आणताय तिला विचारा, 'तुला काय दिसतं?' आणि तिने सांगेपर्यंत थांबा. आता त्या दिवशी घरी परततानाचं सांगते आणि निरोप घेते.

मी मागच्या सीटवर पेटीत होते. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती. मग मार्जीनने आईच्या हातांचं सांगितलं. वर्षभर काय वाटत होतं, रोज सकाळी कॉफीचा कप उचलताना कशी धडकी भरायची, सगळं सांगितलं. ऑर्लिनने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"घाबरले होते रे," मार्जीन म्हणाली. "आणि सांगितलं असतं, तर तू हातांवरही वस्तू आणली असतीस."

"आणली असती," तो म्हणाला. "सगळ्यात महागडी आणली असती."

मग दोघंही इतकी हसली, इतकी रडली, की मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला उतरून विचारावं लागलं, तुम्ही ठीक आहात ना?