निवडुंगांचा कोरडा हिवाळा

निवडुंग पाळायला अक्कल लागते ती उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात. उन्हाळ्यात पाणी काय, कुणीही घालतं. ऑक्टोबर सरला की झारी उचलून माळ्यावर टाकायची आणि मार्च उजाडेपर्यंत हाताची घडी घालून बसायचं, हे ज्याला जमलं तोच खरा निवडुंगवाला. चेक देशातल्या ब्रनो शहरात घडी घालून बसलेला असा एखादा म्हातारा इमारतीगणिक सापडतो, आणि त्याच्या नावानं बोटं मोडणारी त्याची बायकोही.

यार्मिला चाळीस वर्षं बोटं मोडत आली होती. चौथ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. त्यातली एक खोली, मुलगी लग्न होऊन गेली त्याच महिन्यात, यार्मिलाच्या नवऱ्यानं, एमिलनं निवडुंगांना देऊन टाकलेली. भिंतभर फळ्या, फळीफळीच्या वर पांढरे दिवे, खाली ओळीनं कुंड्या. खोलीची खिडकी उत्तरेला, ऊन कधी चुकूनही फिरकायचं नाही, म्हणून सूर्याचं काम दिव्यांकडे. थंडीत तिथला हीटर बंद. निवडुंगाला हिवाळाभर गार आणि कोरडी झोप मिळाली तरच तो वसंतात फुलतो, असं एमिलचं म्हणणं.

"माझ्या बापानं मला माणसाला दिली की दिव्यांना?" ती विचारायची.

"दिव्यांना बिल तरी येतं, यार्का," एमिल म्हणायचा. "तुझं तोंड फुकट चालतं."

असा संसार होता. वाईट नव्हता.

एमिल रेल्वेत सिग्नलच्या कामाला होता. कामातला चोख माणूस. निवृत्त झाला, काही वर्षं बरी गेली आणि मग त्याची आठवण झिरपू लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग ट्रामचा थांबा गेला. सख्ख्या नातवाकडे बघून "हा कुणाचा?" म्हणून विचारलं. पण पेरूतल्या कुठल्याशा डोंगरावरच्या निवडुंगाचं हातभर लांब लॅटिन नाव मात्र घडाघडा म्हणून दाखवायचा. यार्मिलाला त्याचा रागही यायचा आणि आधारही वाटायचा. ती खोली शाबूत आहे तोवर एमिल शाबूत आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आणि यंदा तो हिवाळा विसरला. नोव्हेंबर लागला तरी रोज पाणी घालत राहिला. सकाळी घालायचा आणि घातलेलं विसरून दुपारी पुन्हा घालायचा. सांगून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी. तिनं झारी लपवली, तर तो कॉफीच्या मगातून नेऊ लागला. शेवटी तिनं खोलीला कुलूप घातलं. तेव्हा तो दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला आणि रडू लागला. "आत कुणीतरी तहानलंय," म्हणाला. यार्मिलानं कुलूप काढलं. काढायला नको होतं, हे तिला कळत होतं. पण ते रडणं तिला ऐकवेना.

डिसेंबरात धूळ झटकताना तिचं बोट एका गोल, टपोऱ्या निवडुंगाला लागलं आणि सरळ आत गेलं. बाहेरून काटे जसेच्या तसे, रंगही ठीक, आतून सगळा सडून चिखल. वास असा की तिनं स्वेटरची बाहीच नाकावर ओढली. मग भीतभीत शेजारच्याला हात लावला. तोही तसाच. निवडुंगाचं मरण हे असं असतं. मेलेला उभाच राहतो, आणि घरच्यांना पत्ता नसतो.

एमिलचा निवडुंगवाल्यांच्या क्लबातला दोस्त दालिबोर, दातांचा निवृत्त डॉक्टर, दोन थांबे पलीकडे राहायचा. तिनं त्या सडक्या झाडाची कुंडी पिशवीत घालून त्याच्या दारात नेली.

"दालिबोर, मला हे असंच एक पाहिजे. एवढंच, अगदी असंच."

"असंच? ही काय चादर आहे दुकानातली? वीस वर्षांचं झाड आहे ते!"

"तुझ्याकडे दीडशे आहेत. मेल्यावर बरोबर नेणारेस का?"

"बायकोनं नेऊ दिली तर नेईन." मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि थट्टा गिळली. "एमिलला सांगून टाक ना. तासाभरात विसरेल."

"काय झालं ते विसरतो रे. दुःख विसरत नाही. कशासाठी रडतोय ते माहीत नसतं आणि दिवसभर रडतो. झाडं आपल्याच हातानं मारली असं त्याला कळलं, तर मग माझ्याकडे काय उरेल? त्याला कळता कामा नये. बस."

दालिबोर आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाड घेऊन आला. "निवडुंगवाल्याला फसवायला निघालीस," तो म्हणाला. "जपून. हे लोक बायकोचा वाढदिवस विसरतील, झाडाचं तोंड नाही विसरत."

मग हिवाळाभर हेच चाललं. जन्मात ज्या झाडांना हात लावणार नाही म्हणाली होती, ती कोटाखाली धरून यार्मिला ट्राममधून आणू लागली. एमिल जेवून आडवा झाला की सडलेलं काढायचं, त्याच कुंडीत नवं बसवायचं, एमिलच्या अक्षरातली नावाची पट्टी पुन्हा खोचायची, कचरा खाली नेऊन टाकायचा. बोटं काट्यांनी भरून गेली. चिमटा घेऊन खिडकीपाशी बसायची आणि एकेक उपटताना एमिलला, निवडुंगांना, दालिबोरला, देवाला शिव्या द्यायची. उठून एमिल खोलीत जायचा, दिव्यांखाली स्टूल घेऊन बसायचा. काही बोलायचा नाही. जमलं म्हणायचं, असं तिला वाटायचं. नवीही तो भिजवतच होता, तीही सडत होती, आणि दालिबोरच्या फळ्या रिकाम्या होत होत्या. पण मार्च जवळ येत होता. एकदा मार्च लागला की पाणी घालणं गुन्हा नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तिनं त्याच्यासाठी कॉफी आणि खसखशीच्या केकचा तुकडा नेला. एमिल स्टुलावर बसला होता. दिव्याचा उजेड त्याच्या टकलावर पडला होता. त्यानं मान वळवली आणि अदबीनं अर्धवट उठला.

"या, या बाई. बसा ना."

यार्मिलानं कॉफी आणि बशी फळीच्या कडेला ठेवली. त्यानं वार चुकवला होता, गाव चुकवलं होतं, एकदा तर न्हाणीघर समजून कपाट उघडलं होतं. पण तिला तो कधी चुकला नव्हता. आजपर्यंत कधीच नाही.

"मदतीला येतात त्या बाई ना तुम्ही?"

"हो," ती म्हणाली.

"दार लोटून घ्या. एक सांगायचंय, पण तुमच्यापाशीच ठेवा." तो तिच्याकडे झुकला. "ही झाडं माझी नाहीत."

"पट्ट्या तर तुमच्याच अक्षरातल्या दिसतात."

"पट्ट्या माझ्या. झाडं नाहीत. माझ्या झाडांना कंबर होती." त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एका वसंतात, ऐन वाढीच्या दिवसांत, माझे दिवे बंद राहिले. अंधारात निवडुंग बारीक होतो, उजेड शोधत वर ताणतो. नंतर कितीही दिवे लावा, वरचा भाग पुन्हा फुगतो, पण ती बारीक जागा काही भरत नाही. जन्मभर राहते. माझ्या एकूणएक झाडाला होती. क्लबातले हसायचे. सिग्नलवाल्याचेच दिवे गेले म्हणायचे."

"मग? बिघडले होते दिवे?"

"छे हो. बायको दवाखान्यात होती. छातीत गाठ निघाली होती तिच्या. मी तिच्यापाशीच. घरी यायचो ते अंगावर पाणी घेण्यापुरता. या खोलीचं दार महिनोन्‌महिने उघडलं नाही. तिला सांगितलं, ट्यूबा खराब निघाल्या. नाहीतर स्वतःलाच दोष देत बसली असती. तशीच आहे ती." त्यानं वरच्या दिव्याकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? ती घरी आली नसती, तर हे दिवे मी परत लावणारच नव्हतो."

यार्मिलाला रडू फुटत होतं. त्या ट्यूबांवरून तिनं त्याला वर्षानुवर्षं टोचलं होतं, पाहुण्यांसमोर सुद्धा.

"या झाडांनी तो वसंत पाहिलेलाच नाही," एमिल म्हणाला. "माझी मेली असणार. मीच मारली असणार, हल्ली हातून काय होतं ते मला समजत नाही. ती गुपचूप दुसरी आणून ठेवते. बोटं सुजलीत बिचारीची. म्हणून मी काही बोलत नाही. तुम्हीही तिला सांगू नका, मला कळलंय म्हणून. एवढी धडपडतेय, तिचं मन मोडेल."

मी इथंच आहे रे, मीच ती, असं ओरडावंसं तिला वाटलं. त्याचे खांदे धरून हलवावं, चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात परत कोंबावी. पण आता ओरडली असती, तर तिच्यासाठी त्यानं इतक्या कष्टानं जपलेलं हे एकच गुपित तिनं त्याच्या हातून हिसकावून घेतलं असतं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

एमिलनं समाधानानं मान डोलावली. कॉफीचा घोट घेतला आणि लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "फार उशीर केला हो आज तिनं. एव्हाना यायला हवी होती."

"येईल," यार्मिला म्हणाली, आणि दुसरं स्टूल ओढून त्याच्या शेजारी, दिव्यांखाली, तीही स्वतःची वाट बघत बसली.